ट्रेकचं सांगता, मग फेरीचं का नाही?

प्रश्न : हरिहरगडाच्या ट्रेकचे किस्से मी ऑफिसात रंगवून सांगते, पण श्रावणातल्या ब्रह्मगिरी फेरीचा (डोंगराच्या प्रदक्षिणेचा) विषय निघाला की गप्प बसते. लोक देवभोळी म्हणतील असं वाटतं. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पाऊस, चिखल आणि पायपीट दोन्हीकडे आहेच, तिथूनच सुरुवात करा. तिसऱ्या सोमवारची त्र्यंबकेश्वरातली गर्दी, अनवाणी चालणारे भाविक, वाटेतला फराळ यांबद्दल बोला. मग तुम्हाला तिथे काय मिळतं, तेही न लाजता एका वाक्यात सांगा. ऐकणाऱ्याच्या श्रद्धेची उलटतपासणी मात्र नको. उदाहरणच द्यायचं, तर नाशिकचे सायकलपटू पंढरपूरची सायकलवारी करतात. छंद आणि भक्ती तिथे सहज एकत्र नांदतात. फेरीला सोबत येणार का, हे एकदाच विचारा. नकार आला, तर पुढचा ट्रेक ठरवा.