आवाज न करणारा संगणक

पुणे,
मार्चअखेर

चि. सायलीस,


तू पाठवलेली यादी मिळाली. ज्याने ती केली त्या दुकानदाराचं मला कौतुकच वाटलं. गिऱ्हाईकाला काय हवंय ते न विचारता इतकं महाग सामान गळ्यात मारणं हीसुद्धा कलाच आहे. तुला घरच्या खोलीत बसून पुस्तकं वाचायची, रेकॉर्ड करायची आणि तिथेच ती रेकॉर्डिंगं कापायची-जोडायची आहेत. त्यासाठी त्याने सुचवलाय आय-नाइन १४९००के, त्यावर पाण्याचा ३६० एमएमचा कूलर, पुढे सबंध काच आणि काचेमागे दिवे लागणारे तीन पंखे. तो प्रोसेसर भरात आला की २५३ वॉटपर्यंत वीज ओढायला मोकळा असतो. नागपुरात, मे महिन्यात, समोर मायक्रोफोन चालू असताना!

एक गोष्ट आधी पक्की समजून घे, बाकीचं आपोआप उलगडत जाईल. संगणक जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. ती प्रोसेसरपासून दूर न्यायला हवा हलवावी लागते आणि हवा हलली की आवाज आलाच. म्हणून शांत पंखे कुठले हा प्रश्न नंतरचा. मुळात उष्णता किती तयार करायची, हे आधी ठरव. तुझ्या कामाला सहा कोअरचा रायझन ५ ७६०० पुरून उरेल. कागदावर तो ६५ वॉटचा, प्रत्यक्षात जास्तीत जास्त ८८ वॉटपर्यंत जातो. ग्राफिक्स त्याच्यातच आहे, त्यामुळे वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही. ओंकार गेमसाठी मागे लागला असेल, लागू दे. अगदीच ऐकेना तर आरटीएक्स ४०६० च्या पलीकडे जाऊ नका. ते ११५ वॉटवर भागवतं, आणि काम नसताना पंखे पूर्ण थांबवणारी त्याची मॉडेलं मिळतात. खोक्यावर तसं लिहिलंय का, ते बघून घे.

तुझ्या बाजूची आणखी एक गोष्ट आहे, ती त्या दुकानदाराच्या डोक्यात आलेली दिसत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना संगणकाला जवळजवळ काहीच काम नसतं. एका मायक्रोफोनचा आवाज डिस्कवर लिहून ठेवायचा, एवढंच. प्रोसेसरला घाम फुटतो तो नंतर, आवाजातली खरखर काढताना किंवा पूर्ण प्रकरण एक्सपोर्ट करताना. तेव्हा मायक्रोफोन बंदच असतो. म्हणजे तुला शांतता एका वेळी हवी आहे आणि गारवा दुसऱ्या वेळी. दोन्ही एकाच क्षणी मागणाऱ्याचे पैसे फार जातात. तुझे जायचं कारण नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचं गणित मात्र वेगळं मांडावं लागेल. हवेने गार करणारा कुठलाही कूलर, अगदी पाण्याचासुद्धा, खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. तो प्रोसेसर आणि खोली यांतलं अंतर तेवढं कमी ठेवतो. समजा भर कामात हे अंतर ४५ अंश आहे. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७० वर राहील. मे महिन्याच्या दुपारी खोली ४० वर गेली की तोच प्रोसेसर, तेच काम, ८५. घाबरून जाऊ नकोस, या रायझनची कंपनीने ठरवलेली मर्यादा ९५ अंश आहे, आणि तिथे पोचला तर तो स्वतःच वेग कमी करतो. फक्त इंटरनेटवरचे आकडे बघून जीव खालीवर करून घेऊ नकोस. ते बहुतेक एसी लावलेल्या खोलीतले असतात. खिडकीतला कूलर रेकॉर्डिंगच्या वेळी तुला बंदच करावा लागणार, त्याच्या घरघरीपुढे संगणक काय बोलणार? तेव्हा उन्हाळ्यात वाचन पहाटे उरक आणि एक्सपोर्ट दुपारी, कूलर लावून. त्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नकोस एवढं बघ. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि आपल्याकडचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग सोडून जातं.

आता कॅबिनेट. पुढे जाळी असलेलं घे. काचेचा किंवा सपाट प्लास्टिकचा बंद दर्शनी भाग दिसतो छान, पण हवा शिरते ती कडेच्या फटीतून, आणि ती ओढून घ्यायला पंख्यांना जास्त फिरावं लागतं. आतून फोम लावलेली 'सायलेंट' कॅबिनेटंही असतात. फोम उंच पट्टीतला आवाज थोडा गिळतो हे खरं, पण त्यासाठी तोंडं बंद केलेली असली तर जेवढं कमावलं तेवढं जातं. तुझ्या हवामानात माझं मत सरळ जाळीच्या बाजूने आहे.

पंख्याचा हिशोब शिकून ठेव, जन्मभर कामाला येईल. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. आणि तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे पूर्ण वेगाचा एक पंखा काढून निम्म्या वेगाचे दोन लावले, तर हवा ढोबळमानाने तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. म्हणून पुढे १४० एमएमचे दोन आत ओढणारे, मागे १२० चा एक बाहेर टाकणारा, आणि तिघेही रमतगमत फिरणारे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की फटीफटीतून धूळ ओढली जात नाही, ती पुढच्या जाळीवरच अडते. पंखे चार पिनांचेच घे, वेग नीट खालपर्यंत आणता येतो. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे बदामी-तपकिरी पंखे उत्तमच. त्यांच्या एका १२० एमएम पंख्यात पातं आणि चौकट यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरची आहे, इतकं ते काम बारीक. पण तेवढे पैसे वाचवून मायक्रोफोनवर घाल. आर्क्टिकचे पी१२ आणि पी१४ तुझ्यासाठी पुरे.

एक गंमत तुला लगेच कळेल, कारण तू गाणं शिकलीस. पुढचे दोन पंखे जवळजवळ सारख्या, पण अगदी सारख्या नव्हे अशा वेगाने फिरले की घुंऽऽ... घुंऽऽ... असा हेलकावा येतो. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा किंचित उतरल्या की जे ऐकू येतं, तेच हे. एकाचा वेग शंभरेक फेऱ्यांनी कमी कर, हेलकावा जाईल.

प्रोसेसरच्या खोक्यात एक छोटा कूलर येतो, तो तसाच राहू दे. चार तांब्याच्या नळ्या असलेला उभा टॉवर घे, डीपकूलचा एके४०० किंवा त्या जातीचा कुठलाही. त्या नळ्या भरीव नसतात. आत थोडा द्रव असतो, तो प्रोसेसरपाशी वाफ होतो, वर पत्र्यांमध्ये जाऊन पुन्हा द्रव होतो आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत खाली येतो. त्याला ना पंप, ना वीज. पाण्याच्या कूलरला पंप असतो आणि तो काम नसतानाही बारीक गुणगुणत राहतो. नेमकं तेच तुझ्या मायक्रोफोनला नको आहे. शिवाय पंप गेला की सगळंच थांबतं. टॉवरचा पंखा गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणता येतो. घेण्याआधी टॉवरची उंची आणि कॅबिनेट किती उंची मानतं, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. १५५ ते १६५ एमएमच्या घरात ही भानगड असते, आणि बाजूचं झाकण बसत नाही हे कळतं ते सगळ्यात शेवटी.

टॉवर बसवायचं काम दुकानातल्या पोऱ्यावर सोडू नकोस, समोर उभी राहा किंवा स्वतःच कर. कूलरच्या तळाला प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा असतो, तो आधी काढायचा. तो तसाच ठेवून बसवलेले कूलर दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये हमखास सापडतात. प्रोसेसरच्या पाठीवर मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेचे कप्पे उरतात आणि अशी अडकलेली हवा उष्णता फारशी नेत नाही. पेस्ट ते कप्पे भरण्यापुरतीच. जाड थर दिला की उलट अडथळा. या रायझनच्या झाकणाला कडेला खाचा आहेत, त्यांत थोडी पेस्ट गेली तर बिघडत नाही, फक्त वीज वाहून न नेणारी पेस्ट घे. मग स्क्रू: एका बाजूचा दोन वळसे, समोरच्याचा दोन वळसे, असं आलटूनपालटून. एक बाजू आधी पूर्ण आवळलीस तर दुसरीकडे फट राहते.

एसएमपीएस चांगल्या नावाचा, गरजेपेक्षा मोठा घे. साडेपाचशे वॉटचा तुझ्या मशीनला दीडशेवर चालवला की त्याचा पंखा जवळजवळ झोपलेला असतो. काहींचा तर भार कमी असेपर्यंत पूर्ण बंदच राहतो. जुनी फिरती हार्डडिस्क आत मुळीच बसवू नकोस. ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि कॅबिनेटचा पत्रा तीच पट्टी धरून बसतो. आत एसएसडी, आणि जुन्या रेकॉर्डिंगची डिस्क बाहेर, काम असेल तेव्हाच जोडायची.

सगळं जोडून झालं की खरं काम बायोसमध्ये. कारखान्यातून आलेलं पंख्यांचं गणित फार घाबरट असतं. हा रायझन एक फाइल उघडली तरी क्षणभर दहा-पंधरा अंश उडी मारतो, की लगेच पंखा फूऽऽ करून उठतो आणि पुन्हा बसतो. कानाला एकसारखा आवाज त्रास देत नाही, चढउतार देतो. म्हणून ६० अंशांपर्यंत पंखा सपाट ठेव, तीसेक टक्क्यांवर. तिथून ८५ पर्यंत हळू चढ. वेग बदलण्याआधी पाच-सात सेकंद थांबण्याची सोय बहुतेक मदरबोर्डांत असते, ती लाव. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरऐवजी मदरबोर्डच्या तापमानाला बांध, ते संथ बदलतं. वाटलं तर इको मोड लावून प्रोसेसरची मर्यादा आणखी खाली आण. एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, तेवढ्यात चहा होतो.

तरीही काही ऐकू आलं तर अंदाज करत बसू नकोस. कागदाची लांब सुरळी कर, एक टोक कानाला, दुसरं एकेका भागापाशी. किंवा एकेक पंखा सोडवून बघ. प्रोसेसरचा पंखा मिनिटभराहून जास्त थांबवू नकोस. बारीक चीं-चीं पंख्यातून येत नसेल तर ती एसएमपीएसमधली किंवा ग्राफिक्स कार्डातली कॉइल असते. ती दुरुस्त होत नाही, माल बदलूनच मागायचा.

जागेबद्दल ताईशी बोलावं लागेल. तुमच्या त्या प्लायच्या टेबलात खाली सीपीयूसाठी कप्पा आहे, मागून बंद. त्यात कॅबिनेट ठेवलंस तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत घेत बसेल आणि एवढा सगळा खटाटोप पाण्यात. बाहेर, जमिनीपासून जरा वर, मागे भिंतीपासून वीतभर अंतर. तुझा मायक्रोफोन कार्डिऑइड आहे, म्हणजे तो पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. त्याची पाठ कॅबिनेटकडे कर. एवढ्याने जे साधतं, ते हजारोंच्या पंख्यांनी साधत नाही.

आणि अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येतात ना, तू मागे म्हणाली होतीस जुन्या मशीनबद्दल? एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडी गळती पत्र्यावर येते आणि अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर ती तुझ्या हातात जाते, आणि रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण होऊन बसते. तिला लोक पंख्याचा आवाज समजतात आणि पंखे बदलत राहतात. तिसरी पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठव आणि वायरमनला बोलाव.

धूळ उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. पुढची जाळी नळाखाली धुवून पूर्ण वाळव. आतल्या पत्र्यांना ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

सीताबर्डीला खरेदीला जाण्याआधी नवी यादी मला पाठव, किमती लिहून. प्रत्येक वस्तूचं बिल वेगळ्या ओळीत आणि सिरियल नंबरासकट घे. 'असेंबल्ड पीसी, एक नग' अशा बिलाला वॉरंटीच्या वेळी कुणी विचारत नाही. जोडून झाल्यावर बाजूचं झाकण लावायच्या आधी आतला फोटो पाठव, पंखे कुठल्या दिशेने बसलेत ते मला बघायचंय. चौकटीचे आडवे दांडे ज्या बाजूला, हवा त्या बाजूने बाहेर पडते. ओंकारला म्हणावं दिव्यांचे पंखे हवे असतील तर स्वतःच्या पैशाने घे आणि स्वतःच्या खोलीत लाव.

ताईला आणि तुझ्या बाबांना नमस्कार.

तुझा,
दिलीपमामा