घोडा दिसतो, उंदीर दिसत नाही

प्रश्न : माझं माहेर पेणच्या खारेपाटात. गेल्या कापणीला भाताचा भारा उचलताना वडिलांना घोणस चावली. सरकारी दवाखान्यात लशीच्या दहा बाटल्या चढवल्या, तेव्हा वाचले. ती लस घोड्याच्या रक्तातून काढतात, असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. माझी बारावीतली लेक तेव्हापासून विचारते, मुक्या जनावराला विष टोचून आजोबा वाचवले, हे बरोबर का? मला काही उत्तर देता येत नाही.
– एक वाचक, रोहा

उत्तर : ताई, लेकीला गप्प केलं नाहीत, हे चांगलं केलंत. तिला अजून निम्मीच गोष्ट कळली आहे, तेव्हा आधी ती पुरी करू.

आपण सगळे ‘लस’ म्हणतो, पण ती लस नव्हे. लस रोग होण्याआधी टोचतात. हे प्रतिविष, विष अंगात भिनल्यावर द्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला सोसेल इतक्या अल्प मात्रेत टोचतात, मग मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात विषाला तोंड देणारी प्रतिपिंडं तयार झाली की मानेच्या शिरेतून रक्त काढतात. त्यातला वरचा पिवळसर द्रव ठेवून घेतात आणि तांबड्या पेशी बऱ्याच ठिकाणी घोड्याला परत देतात. घोडा मरत नाही, पुढे पुन्हा रक्त देतो. सुया टोचून घेणं आणि अशक्तपणा त्याच्या वाट्याला येतोच.

उंदराचं मात्र कोणी बोलत नाही. प्रतिविषाची ताकद उंदरांवर मोजतात. ठरावीक विष आणि ठरावीक प्रतिविष मिसळून उंदरांना टोचायचं आणि किती जगले, किती मेले ते मोजायचं. प्रत्येक घाणा बाहेर पडण्यापूर्वी ही परीक्षा होते. आपल्याकडच्या औषधसंहितेप्रमाणे एक मिलिलिटर प्रतिविषाने घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केलं पाहिजे. दहा मिलिलिटरची एक बाटली म्हणजे सहा मिलिग्रॅम. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असं उपचारांच्या नियमावलीत धरलेलं आहे. आता भागाकार करा, तुमच्या वडिलांच्या दहा बाटल्यांचा हिशेब लागतो. तो हिशेब बरोबर निघावा म्हणून मेलेले उंदीर तुमच्या लेकीला कोणी सांगितले नसणार.

मग हे बरोबर का? माझं मत विचाराल तर आज तरी दुसरा मार्ग नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा अंदाज आहे. त्यात शेतात राबणारे फार. घरात वातानुकूलन यंत्राखाली बसून प्रतिविष नको म्हणायला काही लागत नाही. चिखलात पाय असणाऱ्याला तसं म्हणता येत नाही. पण हेच उत्तर मी लिपस्टिकसाठी देणार नाही. ओठ रंगवायला सशाचे डोळे जाळण्याची गरज कधीच नव्हती. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या बंद केल्या आणि तशी तपासलेली प्रसाधनं बाहेरून आणण्यावरही त्याच वर्षी बंदी आली. उशिराच झालं.

कायद्यानेही प्रयोगांना सरसकट मोकळीक दिलेली नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद आहे. शाळा-कॉलेजात पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रफितीने भागत असेल तर प्राणी वापरणं शक्यतो टाळावं, असंही त्यात लिहिलं आहे. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशी, चिपवर वाढवलेल्या ऊती आणि संगणकी पद्धती वापरायला वाट मिळाली. प्रतिविषाच्या उंदीर-परीक्षेलाही असा पर्याय लवकर यावा, आणि सरकारने त्यासाठी पैसा घालावा. लेकीने या मागणीसाठी भांडावं. आजोबांशी भांडून काय मिळणार?

प्राण्यांवाचून भागतं का, याचं एक उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. लाल विंचवाच्या दंशाने हृदय खचून माणसं, विशेषतः मुलं मरत. रक्तदाबावरची प्राझोसिन ही जुनी गोळी यावर चालते, हे त्यांनी खाटेशी बसून पाहिलं आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. त्यासाठी नव्याने एकही प्राणी लागला नाही. (ती गोळी बाजारात येण्याआधी प्राण्यांवर तपासली गेली होतीच, हेही विसरायला नको.) पुढे त्यांनीच महाडला ७० रुग्णांवर तुलना केली, ती २०११ मध्ये छापून आली. नुसत्या गोळीवर बरं व्हायला सरासरी सतरा-अठरा तास लागत होते. गोळीच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर दहा तास. ते प्रतिविष पुन्हा घोड्याचंच! घोडा असा मागच्या दाराने परत येतो.

म्हणून लेकीला एक काम सांगा. चावे कमी झाले तर बाटल्या कमी लागतील, म्हणजे घोडे आणि उंदीरही कमी लागतील. यंदा कापणीआधी आजोबांना गमबूट घेऊन द्या. भारा हाताने उचलण्याआधी काठीने हलवायचा. रात्री बांधावर जाताना बॅटरी हवीच. आणि एवढं करूनही साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेली जागा कापू नका, करकचून बांधू नका. पाय न हलवता गाडीत घाला आणि थेट दवाखाना गाठा. उशीर झाला की विषाने केलेलं नुकसान कितीही बाटल्यांनी भरून येत नाही.