ड्रिलवर कातलेली डोलकाठी

जहाजाच्या प्रतिकृतीतील सर्वांत अवघड भाग कोणता, असे विचारल्यास पुष्कळजण शिडांचे नाव घेतील. माझ्या मते तो मान डोलकाठीचा आहे. ती बुडाशी जाड व शेंड्याकडे निमुळती असावी लागते, आणि नुसत्या चाकूने तासली तर कोठेतरी पोट राहतेच.

लेथवर लाकूड फिरते व हत्यार स्थिर असते. ड्रिलचे याच्या उलट. त्याच्या चकमध्ये पात्याऐवजी लाकडाची काडी धरली, की बॅटरीवर चालणारे साधे ड्रिल लहानसे कातयंत्र बनते. सावंतवाडीच्या लाखकामाच्या कारागिरांना काम करताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना यातील तत्त्व नव्याने सांगावयास नको.

समजा, खरी डोलकाठी १८ मीटर उंच, बुडाशी ४० व शेंड्याला २५ सेंटिमीटर जाड आहे. १:१०० या प्रमाणात तिची उंची १८० मिलिमीटर, आणि जाडी ४ व २.५ मिलिमीटर येईल. दोन्ही टोके धरण्यासाठी मिळून ४० मिलिमीटर लांबी अधिक ठेवावी. सरळ रेषांच्या सागवानाची ५ मिलिमीटर चौरस काडी घेऊन तिचे कोपरे आधी उतरवावेत.

एवढी बारीक काडी एकाच टोकाला धरली, तर ती चाबकासारखी झोके घेते. एका टोकाशी घट्ट धरलेल्या छडीच्या मोकळ्या टोकावर तोच भार ठेवून लांबी दुप्पट केली, तर वाक आठपट होतो. जाडी निम्मी केली, तर सोळापट! म्हणून दुसरे टोक गोल करून, मेण लावून, घट्ट बसविलेल्या ठोकळ्याच्या भोकात अडकवावे.

ड्रिलची रचना मुख्यतः सरळ दाब सोसण्यासाठी असते, बाजूचा नव्हे. सबब पटाशी लावू नये. बारीक कानस आणि १२०, २४०, ४०० नंबरांचा पॉलिशपेपर पुरे. मिनिटाला ६०० फेरे असता ४ मिलिमीटरच्या काडीचा पृष्ठभाग जेमतेम ७.५ मीटर सरकतो, तर ४० मिलिमीटरच्या चाकाचा ७५ मीटर. तेव्हा चाक कातताना वेग कमीच ठेवावा.

हे काम दोघांनी करावे: एकाने ड्रिलचा खटका सांभाळावा, दुसऱ्याने पेपर धरावा. खटका दोरीने बांधून ठेवण्याची युक्ती कोणी सुचविल्यास ऐकू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. ओढणी, बांगड्या, मोकळे केस, हातमोजे व चिंध्या फिरत्या काडीपासून दूर असाव्यात.

जाडी मोजण्यासाठी पुठ्ठ्यात ४, ३.२५ व २.५ मिलिमीटर रुंदीच्या खाचा कापाव्यात. यंत्र थांबवून त्या अनुक्रमे बुडाशी, मधोमध व शेंड्याला लावून पाहाव्यात. तिन्ही नीट बसल्या, की जादा टोके बारीक करवतीने कापून काडीला जवसाच्या तेलाचा हात द्यावा.