घरी इलेक्ट्रिक गिटार रंगवायचीय? आधी खर्च मांडा

स्प्रेच्या डब्यावरची किंमत बघून हिशोब करू नका. या कामात रंग त्या मानाने स्वस्त पडतो. पैसे जातात क्लिअर कोट, मास्क आणि शेवटच्या सेटअपवर. पहिलीच वेळ असेल आणि हाताशी काहीच सामान नसेल, तर साडेपाच ते आठ हजार रुपये आणि सहा आठवडे धरा. हे दर अंदाजे आहेत, शहर आणि दुकानागणिक फरक पडेल. गिटारच सात-आठ हजारांची असेल तर हौस म्हणून जरूर करा, पण विकताना किंमत वाढेल ही आशा सोडा. बहुतेक वेळा ती कमीच होते. गिटार वॉरंटीत असेल तर आधी कार्ड वाचा.

पहिली बचत इथे आहे: जुना रंग खरवडून काढू नका. कारखान्यातला पॉलिएस्टरचा थर जाड आणि कडक असतो. तो काढायला हीट गन, रिमूव्हर आणि दोन-तीन दिवस लागतात, शिवाय लाकूड जळण्याची भीती. थर घट्ट बसलेला असेल तर ३२० नंबरच्या पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, टवके लांबीने भरा आणि त्याच्यावरच प्रायमर मारा. ‘खालचं लाकूड दाखवू’ हा मोहही आवरा. स्वस्त गिटारची बॉडी अनेकदा तीन-चार तुकडे जोडून केलेली असते आणि सांधे रंगाखाली असतात तेच बरे.

खोलण्याआधी मोबाईलवर वायरिंगचे फोटो काढा. ब्रिजला जाणारी अर्थची वायर विसरू नका, नाहीतर परत जोडल्यावर गिटार घुंघुं करत राहील. सोल्डरिंग येत नसेल तर त्याची मजुरी वेगळी धरा. स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा आणि वर नाव लिहा. नेक बसते त्या खाचेत रंग जाऊ देऊ नका, मास्किंग टेप लावा. तिथे जाड थर बसला तर नेक नीट बसत नाही.

आता खरेदी. ४०० मिलीचा स्प्रे साधारण ३०० ते ४०० रुपयांना मिळतो. एका बॉडीला प्रायमरचा एक, रंगाचे दोन आणि क्लिअरचे तीन डबे धरा, म्हणजे १,८०० ते २,४०० रुपये. क्लिअरमध्ये काटकसर केलीत तर शेवटी पॉलिश करताना थर फाटून खालचा रंग उघडा पडतो, विशेषतः कडांवर. वॉटर पेपर ३२० पासून २००० नंबरपर्यंत, मिळून ३०० ते ४०० रुपये. लांबी, टेप, रबिंग कॉम्पाउंड धरून आणखी ६००-७००. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत चौकशी करा. गाडीचा रंग गिटारला उत्तम चालतो, फेंडर कंपनीही एकेकाळी गाड्यांचेच रंग वापरत असे. छापील किंमतीत कर धरलेला असतो, ‘जीएसटी वेगळा’ म्हणणाऱ्याला डब्यावरची ओळ दाखवा.

डबा घेताना लेबल वाचा: लॅकर की इनॅमल? इनॅमलवर लॅकर मारला की रंग सुरकुततो आणि सगळे पुन्हा घासावे लागते. प्रायमर, रंग, क्लिअर शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्या. आधी टाकाऊ फळीवर तिन्ही थर मारून बघा.

मास्कवर पैसे वाचवू नका. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला हाफ मास्क हवा, १,५०० ते २,५०० रुपये. स्वयंपाकघराजवळ, देवघरातला दिवा चालू असताना, बंद खोलीत स्प्रे नको. वाफ पेट घेते. गच्ची वापरणार असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारा आणि वारा बघा. शेजाऱ्याच्या गाडीवर फवारा उडाला तर भुर्दंड गिटारपेक्षा मोठा होईल. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर मात्र घरी मारूच नका, त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत लॅकर दुधाळ पडतो. दिवाळीनंतर सुरुवात करा, कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच. नेकच्या जागी लाकडी पट्टी स्क्रूने बसवून बॉडी टांगा. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब धरा आणि पातळ थर द्या. जाड थर ओघळतोच. प्रायमर एक दिवस, रंग एक-दोन दिवस, क्लिअर दोन-तीन दिवस. मग लॅकर पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे. बोटाला कोरडा लागला म्हणजे वाळला असे नाही, नखाने दाबून खूण उमटली तर थांबा.

नंतर १००० पासून २००० नंबरपर्यंत पाण्याने घासा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका, लाकूड फुगून भोवतीच्या रंगाला तडे जातात. एवढी मेहनत नको असेल तर मॅट क्लिअर घ्या. घासणे आणि कॉम्पाउंड दोन्ही वाचतात, आणि बोटांचे ठसेही कमी दिसतात. माझे मत विचाराल तर पहिल्या गिटारला मॅटच करा.

दुसरा मार्ग म्हणजे तयारी घरी आणि फवारणी गॅरेजमध्ये. घासून, लांबी भरून बॉडी न्या आणि गाडीच्या एका पॅनेलचा दर विचारा, साधारण दोन ते चार हजार. त्यात प्रायमर, क्लिअर आणि बफिंग धरले आहे का, हे आधी लिहून घ्या, कारण बफिंगचे पैसे नंतर वेगळे मागितले जातात. दुसऱ्या गाडीला मिसळलेला रंग उरला असेल आणि तो तुम्हाला चालत असेल, तर दर उतरतो. मास्कचा आणि स्प्रेच्या डब्यांचा खर्च वाचतो, म्हणून एकाच गिटारसाठी हा हिशोब बऱ्याचदा स्वस्त पडतो.

शेवटी नव्या तारा ५०० ते ८०० रुपये, सेटअप ८०० ते १,५००. सेटअपला देण्याआधी सगळे जोडून आवाज तपासा. पिकअप मुका निघाला तर दुरुस्तीचे बिल वेगळे लागेल.