पदपथावर बसणे गुन्हा आहे का?

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करताना आई दमून पदपथाच्या कडेला बसली, तर दुकानाच्या रखवालदाराने ‘कायद्याने मनाई आहे’ म्हणून उठवले. हे खरे आहे का? मग रात्री तिथे झोपणाऱ्यांचे काय?

उत्तर : नुसते बसणे हा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार सार्वजनिक वाटेत अडथळा किंवा धोका निर्माण केला, तरच ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. महापालिका अधिनियमाचे कलम २३१ आयुक्तांना विनानोटीस हटवू देते ते टपऱ्या, बाकडी, विक्रीचा माल, माणसे नव्हेत.

झोपणाऱ्यांवर टांगती तलवार आहे ती १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याची. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भीक मागून जगत असावा असे वाटते, एवढ्यावरही माणूस ‘भिकारी’ ठरतो. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली शिक्षेची कलमे दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रानेही तेच करावे, असे माझे ठाम मत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत पदपथावर झोपलेल्या मजूर कुटुंबांवर डंपर चढून तिघे गेले, त्यांत दोन चिमुकली होती. अशा माणसांना शिक्षा नव्हे, निवारा हवा. रात्री कुणी उघड्यावर दिसले, तर महापालिकेच्या रात्रनिवाऱ्याची माहिती त्यांना जरूर द्या.