आधी जोडीदार, मग एकांत : एका बेटावरील शाळेचे पहिले दिवस

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र विभाग)

प्रथम वर्षाला प्रवेश घेऊन मी वसतिगृहात राहावयास आलो, तेव्हा माझ्या खोलीत शेजारच्या तालुक्यातील एका वस्तीवरून आलेला मुलगा होता. चार दिवस तो फारसा बोलला नाही. मेसमध्ये ताट घेऊन कोठे उभे राहावयाचे, टाकीचे पाणी किती वाजता येते, हेही त्याने कोणाला विचारले नाही. पाचव्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने तो गावी गेला, तो परत आला नाही. ‘त्याला कॉलेज झेपले नाही’ असे आम्ही म्हणालो. वास्तविक, तोपर्यंत एकही तास नीट सुरू झालेला नव्हता.

पुढे निवासी शिक्षणाविषयी वाचन करताना वेस्ट इंडीजकडील एका बेटावरील शाळेची माहिती हाती आली, आणि तो मुलगा पुन्हा आठवला. हे बेट मी पाहिलेले नाही. जे लिहीत आहे ते वाचनाच्या आधारे.

सत्रशाळा म्हणजे काय?

अमेरिकेत सेमिस्टर स्कूल नावाचा एक प्रकार आहे. आपण त्यास सत्रशाळा म्हणू. विद्यार्थी आपली नेहमीची शाळा एका सत्रापुरती सोडतो, दूर कोठेतरी राहून शिकतो आणि सत्र संपल्यावर पूर्वीच्या वर्गात परततो. १९८४ साली व्हरमाँट राज्यात डोंगरातील एका शेतावर ‘माउंटन स्कूल’ने असे सत्र सुरू केले. त्याच धर्तीवर १९९९ साली बहामा द्वीपसमूहातील एलूथेरा बेटाच्या दक्षिण भागात ‘आयलंड स्कूल’ सुरू झाली. तेथील सत्र सुमारे शंभर दिवसांचे असते.

बेट आणि पाणी

एलूथेरा हे बेट सुमारे १८० किलोमीटर लांब, परंतु काही ठिकाणी जेमतेम दीड-दोन किलोमीटर रुंद आहे. त्याचे नाव ‘स्वातंत्र्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. धार्मिक स्वातंत्र्याच्या शोधात बर्म्युडाहून निघालेले इंग्रज वसाहतवाले १६४८ च्या सुमारास तेथे उतरले. बहामाचे मूळ रहिवासी, लुकायन लोक, १४९२ नंतरच्या काही दशकांतच स्पॅनिश गुलामगिरीने आणि रोगराईने नामशेष झाले होते. स्वातंत्र्याचे नाव मिळालेल्या भूमीचा हा पूर्वेतिहास विसरता येत नाही.

बेट चुनखडीचे असल्यामुळे पाऊस पडला तरी पाणी झिरपून जाते. नदी म्हणून नाही. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेल्या नियमानुसार हे पाणी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असते. उपसा करून वरची पातळी एक फुटाने घटवली, तर खालून खारे पाणी चाळीस फुटांपर्यंत वर येऊ शकते. म्हणून शाळेत छपरांवरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात. नव्या विद्यार्थ्याच्या पदरी पडणारा पहिला धडा आंघोळीचा असतो : अंग भिजवावे, नळ बंद करावा, साबण लावावा, मग थोडक्यात धुऊन घ्यावे. दुष्काळी भागातून आलेल्या आपल्या मित्रांना यात नवल वाटणार नाही. ज्याने नळ कधी मोजून सोडला नाही, त्याला मात्र हा धडाच आहे.

समुद्रातील जोडी

उजाडताच व्यायाम, पोहणे, आळीपाळीने स्वच्छतेची कामे, असा पहिल्या दिवसांचा क्रम असतो. लवकरच पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण सुरू होते. माझ्या विषयाच्या दृष्टीने हा भाग फार महत्त्वाचा आहे.

या विद्येचा मूलभूत नियम असा की, पाण्यात एकट्याने उतरावयाचे नाही. प्रत्येकास एक जोडीदार असतो. उतरण्यापूर्वी दोघे एकमेकांचे पट्टे, वजने, टाकीतील हवा तपासतात. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणांची भाषा शिकावी लागते. आपण ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो. तेथे त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’ म्हणण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपल्या टाकीतून द्यावयाची, याचाही सराव असतो. म्हणजे मदत मागण्याची खूण आधी शिकवली जाते. खोल पाणी नंतर येते.

सत्राच्या पुढील भागात विद्यार्थ्याला किनाऱ्यावर सुमारे दोन दिवस एकट्याने राहावे लागते. पण तोवर तो त्या समूहाचा झालेला असतो. आधी जोडीदार आणि मग एकांत, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटला.

संक्रमणाचे तीन टप्पे

आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ साली संक्रमणविधींचे तीन टप्पे सांगितले : जुन्यापासून वियोग, मधली अधांतरी अवस्था आणि नव्यात समावेश. मुंज, लग्न, गृहप्रवेश यांत आपण हे तिन्ही पाहतो. लग्नात पाठराखीण असते, ती या मधल्या अवस्थेसाठीच. सत्रशाळेने हीच अवस्था जाणीवपूर्वक सांभाळली आहे. आपल्या वसतिगृहात वियोग पुरेपूर होतो; समावेश ज्याचा त्याने करून घ्यावयाचा असतो.

या शाळेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिचे शुल्क भारी आहे. काहींना शिष्यवृत्ती मिळते, तरी बहुतेक विद्यार्थी अमेरिकेतील सुस्थितीतील घरांतून येतात. शिवाय श्रमातून आणि परिसरातून शिक्षण हा विचार आपणांस परका नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी तो मांडला होता. तेव्हा तेथील समुद्र व साधने आपल्याकडे नाहीत म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

घेण्यासारखी गोष्ट एकच, आणि तिला पैसा लागत नाही. वसतिगृहात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीस पहिल्या पंधरवड्यापुरता एक जोडीदार नेमून द्यावा. त्याने जेवावयास बरोबर न्यावे, पाण्याची वेळ सांगावी, ग्रंथालयाचे कार्ड काढून द्यावे आणि रात्री एकदा ‘ठीक आहे ना?’ एवढे विचारावे.

चार दिवस माझी खाट त्या मुलाच्या खाटेपासून हातभर अंतरावर होती. मी विचारले नाही, कारण मीही नवा होतो आणि विचारावयाचे असते हे मला कोणी सांगितले नव्हते. येत्या जूनपासून ही पद्धत सुरू झाल्यास पहिल्या यादीत माझे नाव घालावे, अशी प्राध्यापकवर्गास नम्र विनंती आहे.