टोकन देण्याआधी सातबारा : घोलवडमध्ये जागेत पैसे गुंतवताना



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरभाड्याच्या उत्पन्नावर बोललो. व्हिडिओत सगळं मावत नाही, म्हणून राहिलेला भाग इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात एका खऱ्या प्रसंगाने करतो. आमच्या वर्गाला एक छोटा दुकानदार यायचा. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं आणि त्याच्याकडे दलालांचे फोन सुरू झाले. "घोलवडला वीस गुंठे आहेत, पुढच्या वर्षी भाव दुप्पट, आज टोकन द्या." यानं दोन लाख दिले. कागद काय बघितला? मोबाईलवर आलेला नकाशाचा फोटो! नंतर सातबारा काढला, तर खातेदार आदिवासी. व्यवहार होणं शक्यच नव्हतं. टोकनचे पैसे आजही अडकलेले आहेत. पोरीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे होते ते.

त्याची चूक हावरटपणाची नव्हती, क्रम चुकला होता. आधी कागद, मग पैसे. आजचा धडा एवढाच आहे.

घोलवड वेगळं का आहे?

पुणे-नाशिकचे व्हिडिओ बघून इथे जमीन घेऊ नका. इथे चार गोष्टी एकाच वेळी लागू होतात.

१) डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता. बक्षीस, गहाण, भाडेपट्टा यांनाही हे कलम लागतं. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवीच. ती न घेता केलेला व्यवहार बेकायदा. जमीन जाते आणि पैसेही जातात.

"गड्याच्या नावावर घेऊन टाका" असा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा. तो बेनामी व्यवहार झाला. २०१६ च्या सुधारणेनंतर त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा सोडा, वारली कुटुंबाची जमीन अशा आडवाटेनं काढून घेणं हा धंदा नव्हे.

२) तुम्ही शेतकरी नसाल, तर शेतजमीन घ्यायला कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. तिथेही परवानगी लागते.

३) केंद्र सरकारच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलाय. "चिकूची वाडी घ्या, झाडं काढा, बंगले बांधा" हे गणित इथे सहज बसत नाही. आणि झाडं काढायची तरी कशाला? डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. वाडी हीच इथली कमाई आहे.

४) समुद्राजवळची जागा असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम लागतात. "बीच टच" हा शब्द ऐकला की खूश होऊ नका, आधी तिथे बांधकाम चालतं का ते विचारा.

टोकनआधी बघायचे कागद

- ताजा सातबारा आणि आठ-अ. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? "इतर अधिकार" रकान्यात काय लिहिलंय?
- जुने फेरफार. आजचा मालक बिगर-आदिवासी दिसतो, पण त्याच्याकडे जमीन आली कुणाकडून आणि तेव्हा परवानगी होती का? खरी गोम इथेच असते.
- वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल.
- मोजणी नकाशा आणि वहिवाटीचा रस्ता. शेजाऱ्याच्या वाडीतून जायचं असेल तर ते लेखी आहे का?
- बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगी. "होऊन जाईल" हा कागद नसतो.

यातला एकही कागद द्यायला समोरचा टाळाटाळ करत असेल, तर हात जोडून निघा.

मग सुरुवात कुठून करायची?

माझं मत स्पष्ट आहे. पहिली गुंतवणूक नवीन जमिनीत नको. आपल्या नावावर असलेल्या घरात करा. आकडे मांडून बघू. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा, घराशेजारी परवानगी काढून दोन खोल्या बांधल्या. खर्च ४ लाख. प्रत्येकी २,५०० भाडं, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये. आता वजाबाकी करा, ती बहुतेक जण करत नाहीत. एक महिना रिकाम्या गेल्या : ५,०००. रंग, नळ, कौलं : ६,०००. घरपट्टी आणि किरकोळ : ३,०००. हातात उरले ४६,०००, म्हणजे साडेअकरा टक्के.

आता दुसरी बाजू. १५ लाख कर्ज काढून पडीक जमीन घेतली. १० टक्क्यांनी पहिल्याच वर्षी जवळपास दीड लाख व्याज. उत्पन्न शून्य. भाव वाढेपर्यंत हे व्याज तुमचं दुकान भरणार का?

भाडेकरू कोण? बोर्डीच्या शाळा-कॉलेजातले शिक्षक, रेल्वे आणि बँकेतली माणसं. बदली होऊन आलेल्या माणसाला स्वच्छ खोली, पाणी आणि स्टेशन जवळ हवं असतं. वाडी असेल तर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी कृषी पर्यटनही आहे. राज्याचं त्याचं धोरण २०२० मध्ये आलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करूनच सुरू करा.

भाडेकरू ओळखीचा असला तरी करारनामा

"अहो, मास्तर आहेत, कागद कशाला?" असं आपण म्हणतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ काय सांगतं? करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

खर्च किती? ५,००० भाडं, ११ महिने, १५,००० डिपॉझिट असं धरा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे दीड-दोनशे रुपये. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. एजंटाची फी सोडली तर सगळं हजाराच्या आसपास. मुदत संपून लिव्ह-लायसन्सवाला निघाला नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं मागता येतं. पण कागद असेल तरच! भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

गृहपाठ

१) आपल्या स्वतःच्या घराचा-जमिनीचा ताजा उतारा काढा आणि प्रत्येक रकाना वाचा. कळला नाही तर तलाठ्याला विचारा, लाजू नका.
२) वरचं भाड्याचं गणित आपल्या आकड्यांनी एका पानावर करा.
३) जागेसाठी कुणाला टोकन द्यायचं ठरलं असेल, तर वरची कागदांची यादी त्याच्यासमोर ठेवा. उत्तर मिळेपर्यंत खिशातला हात खिशातच.

बंदर होईल, रस्ते होतील, भाव वर-खाली होतील. कागद चोख असलेल्या माणसाला घाई नसते.

भेटू पुढच्या व्हिडिओत.